कविता शिकून काय होतं, असं पोरगं विचारतं तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका माध्यमिक शाळेवर दोन वर्षांपासून मराठी शिकवते. वर्गात निम्मी मुलं घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलणारी, बाकीची अहिराणी. परवा आठवीतल्या एकाने विचारलं, 'मॅडम, कविता शिकून काय होतं?' मी संवेदनशीलता, संस्कार वगैरे सांगितलं. तो गप्प बसला, पण मलाच ते पटलं नाही. तुम्ही ३२ वर्षं मराठी शिकवलंत. खरं सांगा सर, भाषेने, कवितेने माणसाच्या अनुभवात खरोखर काही फरक पडतो, की आपण मराठीवाले पोटापाण्यासाठी तसं म्हणत असतो?"

मॅडम, पोटापाण्यासाठीही म्हणतो. त्यात लाजायचं काय? बीजगणिताचे सरही तेच करतात. पण त्यापलीकडे काही आहे का, तर आहे. ते मला कवितेच्या तासाला कळलं नाही, हजेरी घेताना कळलं, आणि तेही माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे. आधी ती सांगतो.

नोकरीचं चौथं-पाचवं वर्ष असेल. बोरी नदीच्या काठचं गाव. सातवीतला एक मुलगा दोन आठवडे गैरहजर होता, तो त्या दिवशी आला. मी मान खाली घालून हजेरी घेत होतो. त्याचं नाव आलं तसं विचारलं, "का रे, होतास कुठे इतके दिवस?" तो उभा राहून म्हणाला, "सर, मन्हा बाप मरी गया." आणि पेन न थांबवता माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "वडील वारले, असं म्हणावं." वर्ग चिडीचूप. तो म्हणाला, "वडील वारले," आणि खाली बसला. मग मी वर पाहिलं. डोक्यावरचे केस काढलेले होते आणि टोपी हातात चुरगळलेली होती.

त्या काळी अहिराणी बोललं की पोरांना टोकायचं, हे आम्ही कर्तव्य समजायचो. 'शाया' नाही 'शाळा', 'डोया' नाही 'डोळा'. ळ चा य करणं म्हणजे गावंढळपणा. त्यामुळे मी वाईट हेतूने काही केलं असं नाही. पण त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही, कारण ती दोन्ही वाक्यं कानात शेजारी शेजारी उभी होती आणि त्यांत मेलेला माणूस एक नव्हता. 'वडील वारले' हे तलाठ्याला सांगायचं वाक्य आहे. त्यातले वडील रेशनकार्डावर राहतात. 'मन्हा बाप' हा त्याला बैलगाडीच्या धुरेवर पुढ्यात बसवून शेतात नेणारा, रात्री बिडी ओढत खोकणारा माणूस होता. पोराच्या तोंडातला तो माणूस काढून घेऊन मी त्याच्या हातात एक दाखला ठेवला होता.

दोन दिवसांनी त्याच्या घरी भेटायला गेलो. ओट्यावर त्याची आजी, म्हणजे गेलेल्याची आई, हेल काढून रडत होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया कशा रडतात ते तुम्ही ऐकलं असेलच. ते नुसतं रडणं नसतं. एकेक गोष्ट ओळीने येत होती: गोठ्यातली जोडी वाट पाहते, हातातलं काम अर्धंच राहिलंय, तंबाखूची पिशवी खुंटीला तशीच आहे, आणि प्रत्येक ओळ 'मन्हा राजा' ह्या शब्दावर येऊन टेकायची. श्वास कुठे घ्यायचा हेही ठरलेलं. बाजूला बसलेल्या बाया त्या टेकण्याच्या जागेवर हुंकार द्यायच्या. पोरगा भिंतीला टेकून बसला होता आणि तिथे तो रडत होता. वर्गात माझ्या एका वाक्याने जे बंद झालं होतं, ते त्या निरक्षर म्हातारीच्या ओळींनी उघडलं. छंद, यमक, ध्रुवपद हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवत होतो. ते कशासाठी असतं हे मला त्या ओट्यावर दिसलं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अनुभव हे पातं असतं. ते असतंच, तुमच्याकडे शब्द असो की नसो. शब्द म्हणजे त्याला बसवलेली मूठ. मूठ नसलेला विळाही विळाच असतो, फक्त तो धरायला गेलं की हात कापतो. आणि मूठ दुसऱ्याच्या मापाची असली तरी काम नीट होत नाही. चांगली कविता ही आधीच कुणीतरी घासून, तासून ठेवलेली मूठ असते, तुमची वेळ येईल तेव्हा धरायला.

ह्याला पुरावा काय, असं तुमचा आठवीतला मुलगा विचारील. विचारू द्या, चांगला मुलगा आहे. २०१४ साली मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्न असा: सुटलेली ट्राम रुळावरच्या पाच जणांवर चालली आहे, पुलावर उभ्या असलेल्या एका दांडग्या माणसाला खाली ढकललं तर ती थांबेल, पाच वाचतील, एक जाईल. ढकलाल? हाच प्रश्न मातृभाषेत विचारला तेव्हा 'ढकलू' म्हणणारे कमी निघाले, आणि शिकलेल्या परक्या भाषेत विचारला तेव्हा जास्त. प्रश्न तोच, फरक फक्त भाषेचा. परकी भाषा माणसाला दुःखापासून दोन पावलं मागे उभी करते. कधीकधी ते बरंही असतं. हिशेबाला बसताना, कोर्टात जबाब देताना लागतं. पण बाप गेलेल्या पोराला दोन पावलं मागे उभं करायचा मला काय अधिकार होता?

दुसरा एक प्रयोग २००७ सालचा, लॉस एंजेलिसच्या मॅथ्यू लीबरमन यांचा. माणसांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि मेंदूचं चित्रण केलं. नुसतं पाहताना मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, म्हणजे भीतीची घंटा वाजवणारा भाग, जोरात चालू व्हायचा. 'हा राग', 'ही भीती' असा शब्द निवडायला सांगितला की त्याचा जोर कमी व्हायचा. आपल्या आजीला हे माहीत होतं, लहान मूल पडून रडलं की ती आधी विचारायची, "काय झालं, सांग बरं." सांगता सांगता रडणं उतरायचं.

आता बहिणाबाईंकडे येतो. खानदेशात राहून त्यांना टाळून हे उत्तर देता यायचं नाही, आणि मला टाळायचंही नाही. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात कामं करता करता ओव्या म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तसं उतरवून घेतलं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. अत्रे ऐकून काय म्हणाले ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती परत सांगत नाही. जळगावच्या विद्यापीठाला आता त्यांचं नाव आहे, हेही ठाऊक आहे. मला एकाच शब्दावर बोलायचं आहे: वढाय.

"मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर." पुण्या-मुंबईच्या गाईडात खाली अर्थ देतात: वढाय म्हणजे ओढाळ. झालं. पण ओढाळ म्हणजे काय ते ज्याने ज्वारीच्या शेतातून गाय हाकलली आहे त्यालाच कळतं. ते ढोर बिचारं वाईट नसतं. भुकेलेलंही असेलच असं नाही. हाकललं की जातं, चार पावलं गेल्यावर मान वळवून बघतं, आणि तुम्ही पाठ फिरवली की पुन्हा आत. त्याच्यावर रागावून उपयोग नसतो, दगड मारून तर नाहीच. बांधावर बसून राहावं लागतं. अहो, चंचल मनाबद्दल संस्कृतात, संतवाङ्मयात काय कमी लिहिलंय? वारा म्हटलंय, माकड म्हटलंय. पण वाऱ्याला आणि माकडाला मालक नसतो. ढोराला असतो. ढोर तुमचं स्वतःचं, पीकही तुमचं स्वतःचं, आणि नासधूस चाललीय. एका शब्दात केवढा हिशेब मांडलाय बघा.

हे मी बऱ्याच वर्षांनी माझ्या वर्गात असं उलगडून सांगितलं. पुढे दहावीतला एक मुलगा, गावातल्या मारामाऱ्यांत नेहमी पुढे असणारा, एकदा मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. हात थरथरत होते. म्हणाला, "सर, ढोर पिकात शिरलं." मी म्हटलं, "बस इथे बांधावर." अर्धा तास बसला. मी काही बोललो नाही, उत्तरपत्रिका तपासत राहिलो. मग उठून वर्गात गेला. त्याचा राग तिथून पुढे गेला का? नाही गेला. पण रागाकडे बोट दाखवायला त्याला शब्द सापडला होता, आणि मुख्य म्हणजे 'मीच वाईट आहे' आणि 'माझं ढोर ओढाळ आहे' यांतला फरक त्याला कळला होता. कवितेने माझ्यासमोर केलेलं हे एवढंच काम मी शपथेवर सांगू शकतो.

बहिणाबाईंच्या वैधव्याच्या कवितेतही हेच आहे. कुंकवाखाली कर्माची रेघ लपलेली होती, कुंकू पुसलं आणि रेघ उघडी पडली, असं त्या म्हणतात. त्या काळी नवरा गेलेल्या बाईच्या कपाळाकडे बघण्याची एकच रीत होती: रिकामं कपाळ, अपशकुन. त्यांनी त्या कपाळावर वाचण्यासारखं काहीतरी दाखवलं. आणि मग दारात आलेल्या जोतिषाला परत लावलं. माझं मला कळतं, तू हात पाहू नकोस, म्हणाल्या. तेही कुठल्या भाषेत, तर 'कळे' चं 'कये' करणाऱ्या. माझ्या जुन्या नियमाने मी त्यांना तिथेच थांबवून 'कळे म्हणावं, बाई' असं सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ह्या ओव्या नुसत्या प्रतिभेने आल्या नाहीत, त्या घरोटावर आल्या. घरोट म्हणजे जातं. खुंटा एकदा पूर्ण फिरला की एक टप्पा होतो, ओढताना श्वास सुटतो आणि परत येताना घेतला जातो. ओवीची लांबी त्या फेऱ्याने ठरवलेली आहे. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना, बाईला दिवसातला हा एकच वेळ मिळायचा जेव्हा तोंड मोकळं आणि ऐकणारं फक्त पीठ. गावात गिरणी आली, बायांचे हात वाचले, ते फार चांगलं झालं. जात्याबद्दल गळे काढणाऱ्यांनी आठ दिवस पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण गिरणीसोबत बोलायची ती जागाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी काही आली असं मला दिसलं नाही.

आखाजीचा झोका अजून थोडा टिकून आहे. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, आणि गाणं सुरू होतं, 'आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं.' इकडची कैरी, तिकडची कैरी. शहरातल्या पाहुण्याला वाटतं, किती गोड गाणं. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी आखाजीला आली तेव्हा आईने तिला तीन दिवस विचारलं, "सासरी कसं काय शे?" ती म्हणायची, "चांगलं शे." चौथ्या दिवशी झोक्यावर ती सासूच्या नावाने जे गायला लागली! पदरची कडवी जोडत होती. ताटातली भाकरी मोजणारी सासू, पाण्याच्या हंड्यावर पाळत ठेवणारी नणंद. खाली उभ्या बाया हसत होत्या आणि आई हसत नव्हती. गाण्यात म्हटलेलं 'सांगितलं' असं धरत नाहीत, म्हणून तर ते सांगता येतं. पुढच्या महिन्यात वडील तिच्या सासरी जाऊन आले. काय बोलणं झालं मला कधी कळलं नाही, पण पुढच्या आखाजीला तिने सासूवर गाणं म्हटलं नाही. नणंदेवर मात्र म्हटलं.

आता उलटी बाजू. कविता डोळे उघडते तशी ती डोळ्यांवर झापडंही बांधते. आपले बालकवी घ्या. धरणगावचे, १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे ह्या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून 'बालकवी' ही पदवी मिळाली, आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाशी रेल्वेखाली गेले. वय २७. त्यांच्या श्रावणाने अख्ख्या महाराष्ट्राला श्रावण कसा बघायचा ते शिकवलं. क्षणात सर, क्षणात ऊन. आज कुठलाही मराठी माणूस श्रावणात खिडकीतून बाहेर बघतो तेव्हा आधी ती कविता दिसते, मग पाऊस. ह्याहून मोठी ताकद कुठल्या कवितेला असणार?

पण मी नववीला 'आमच्या गावचा श्रावण' हा निबंध दिला, ते वर्ष कोरडं होतं, कापूस पाण्यासाठी माना टाकत होता, आणि जवळजवळ सगळ्या वह्यांत हिरवे गालिचे होते. गालिचा ह्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. खिडकीबाहेर उजाड शेत आणि वहीत मखमल. एकाच मुलीने लिहिलं होतं: "आमच्याकडे श्रावणात ढग येतात आणि थांबत नाहीत. आजी म्हणते, ढग बाजारले चालनात." मी तिला दहापैकी आठ दिले, आणि 'बाजारले' खाली लाल रेघ मारली. बघा, मूळ सवय जायला किती वर्षं लागतात. बालकवींचा ह्यात दोष नाही, त्यांनी त्यांचा श्रावण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्याने पाहिलेलं पाठ करून आपण पाहिल्यासारखं लिहायला पोरांना शिकवलं ते आम्ही.

आणि ही ताकद फक्त कवींकडे असते असंही नाही. कापसाला आपण 'पांढरं सोनं' म्हणतो. कुणी म्हटलं कोण जाणे, पण ह्या दोन शब्दांपायी मी घरंच्या घरं कापसाने भरलेली पाहिली आहेत. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरांच्या अंगाला खाज, उंदीर, आणि मालक म्हणतो, "सोनं आहे, भाव येईल, घाई काय?" त्याच पिकाला कुणी 'पांढरं दूध' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी विकायला नेलं असतं. दुसरा शब्द 'थकबाकीदार'. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, चार गावांत शब्द चालणारा माणूस, सलग दोन हंगाम गेले आणि कर्जाची नोटीस आली. ते मला नोटीस वाचून दाखवायला आले, कारण त्यांना वाचता येत होतं तरी तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. मी वाचला. म्हणाले, "सर, माले अडचण शे, मी हे कधी व्हयनू?" अडचण असणं आणि थकबाकीदार असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली येते आणि जाते, दुसरी माणसाच्या नावाला चिकटते. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज लिहिला, आणि मी मुद्दाम पहिल्या ओळीत 'मी शेतकरी' असं लिहिलं. अर्जाला उशिराने का होईना, उत्तर आलं.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट तुमच्या मुलांना सांगाच. जिल्हा त्यांचाच आहे. १९३२ साली विनोबा तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, असे अठरा रविवार ते कैद्यांपुढे गीतेवर बोलले आणि सानेगुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. धुळ्याचा मार्च ते जून म्हणजे काय असतो, ते तुम्हाला सांगायला नको. गुरुजींनी लिहून घेतलं नसतं तर ती प्रवचनं त्या भिंतींतच विरली असती. त्याआधीची गोष्ट अशी की विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, कुणाचं तरी मराठी भाषांतर आणून दिलं तर तेही जड वाटलं, तेव्हा ती माउली म्हणाली, मग तूच का करत नाहीस? आई १९१८ मध्येच गेली. गीताई लिहून झाली १९३१ मध्ये. म्हणजे ज्या वाचकासाठी लिहिलं तो वाचक बारा वर्षांपूर्वीच गेलेला. पण लिहिताना कान तिचे होते, म्हणून ते आपल्या आयांना कळतं.

तुमच्या वर्गाकडे येऊ. त्या मुलाला तोंडी उत्तर देऊ नका, काम द्या. मी जे शेवटची दहा-बारा वर्षं करत आलो ते सांगतो. मार्च-एप्रिलला सकाळची शाळा सुरू झाली की फळ्यावर मधोमध 'ऊन' लिहायचं आणि म्हणायचं, घरून उन्हाचे शब्द आणा, आजीला विचारा, गुराख्याला विचारा, एसटीच्या कंडक्टरला विचारा. दुसऱ्या दिवशी फळा भरतो. झळ, धग, चटका, उकाडा, तलखी, काहिली, रखरख, रणरण. मग एकेकावर भांडण लावून द्यायचं. झळ आणि धग एकच का? नाही. झळ वाऱ्याबरोबर येऊन तोंडावर आपटते. धग तापलेल्या वस्तूतून निघते, पत्र्याच्या घरात बसल्यावर वरून उतरते. चटका अंगाला लागावा लागतो. उकाड्याला ढग लागतात, वारा पडलेला लागतो. तलखी बाहेर किती अंश आहे ते विचारत नाही, ती जिवाची होते. रखरख डोळ्यांना दिसते, आणि रणरण म्हणजे दुपारी दोन वाजता गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं ते. एका वर्षी एक पोरगी म्हणाली होती, "सर, रणरण ऐकू येते." सगळे हसले, मग थोडा वेळ सगळे गप्प बसून ऐकू लागले.

आठ दिवसांनी मजा बघा. पोरं येऊन सांगतात, आज झळ होती, काल तलखी होती. ऊन तेच होतं, आधीही होतं. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिकट निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत, आणि २००७ सालच्या एका प्रयोगात त्या सीमेवरच्या दोन छटा रशियन बोलणाऱ्यांनी जास्त चटकन वेगळ्या केल्या. म्हणजे शब्द असला की डोळा तिथे थांबतो. शब्द नसला म्हणजे दिसतच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाषेच्या तुरुंगात माणूस बंद असतो हे मत भाषाशास्त्रातही आता कुणी फारसं मानत नाही.

कविता त्यानंतर काढायची. अर्थ आधी सांगायचा नाही. तीनदा मोठ्याने वाचायची, पहिल्यांदा तुम्ही, मग एक चांगला वाचणारा, मग एक अडखळणारा. अडखळणारा जिथे थांबतो तिथेच बहुधा कवितेची गाठ असते. मग विचारायचं, ह्यातल्या कुठल्या शब्दाला तुमच्या घरी दुसरा शब्द आहे? तुमच्या वर्गात पावरी, अहिराणी आणि पुस्तकाची मराठी अशा तीन पायऱ्या आहेत. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने तर खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, मराठीच्या खंडात ठेवलीच नाही, भिल्ल भाषांच्या खंडात ठेवली. पंडितांचं ते भांडण चालू राहील. तुम्ही फळ्यावर तीन रकाने आखा. परीक्षेत प्रमाण मराठी लिहायला लागते, ती पक्की शिकवाच, त्यात हयगय नको. ती आली नाही तर पोरांचंच नुकसान. फक्त नवा शब्द देताना जुना काढून घ्यायचा नाही. शेजारी लिहायचा.

आणि फार अपेक्षा ठेवू नका. कविता पाठ असलेली माणसंही सुनेला छळतात, बांध कोरतात, निवडणुकीत पाकीट घेतात. मी अशा काहींना मराठीत पैकीच्या पैकी मार्क दिलेले आहेत.

तो सातवीतला मुलगा आता पन्नाशीला आला. वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं, एरंडोल रस्त्यावर. गेल्या वर्षी माझ्या गेटची कडी बसवायला आला होता. चहा पिताना मी धीर करून तो हजेरीचा प्रसंग काढला. म्हणाला, "माले नई आठवस सर." मग कडी दोनदा लावून-उघडून बघितली, आणि जाताना म्हणाला, "बाप गया ते वरीस मी शायामा बोलतच नव्हतू, इतलं आठवस." मी त्याला 'शाळेत म्हणावं' असं म्हटलं नाही. पैसे विचारले तर घेतले नाहीत.

तुम्ही उन्हाचा फळा केला तर एक करा. पावरीत उन्हाला काय काय म्हणतात ते पोरांकडून लिहून घ्या आणि मला कळवा. ३२ वर्षं ह्याच पट्ट्यात शिकवलं, अहिराणीचे शब्द सांगता सांगता थकत नाही, पण पावरीतला त्यातला एकही मला येत नाही. प्रत्येक शब्दापुढे तो कुणी सांगितला त्या पोराचं नाव लिहायला सांगा, आणि त्या आठवीतल्या मुलाकडे खडू द्या.